पापणीच्या कडेची रेघ : अर्धस्थायी आयलाइनरची पूर्वतयारी आणि निगा

अर्धस्थायी आयलाइनर म्हणजे पापणीच्या केसांच्या मुळाशी, त्वचेच्या आत, सुईने भरलेला रंग. पार्लरच्या दरपत्रकात तो फेशियल आणि थ्रेडिंगच्या शेजारी छापलेला असतो, त्यामुळे तोही त्याच जातीचा उपचार वाटतो. प्रत्यक्षात ती असंख्य बारीक टोचण्यांनी झालेली जखम असते, आणि तीही डोळ्याला लागून. आधी काय तपासायचे, कोणता महिना निवडायचा, नंतर डोळ्याला काय लावायचे आणि काय नाही, हे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. ही गोष्ट मनात पक्की असली की नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो. हातावर गोंदताना सुई थोडी खोल गेली तर रंग जरा पसरतो, एवढेच. पापणीवर तीच चूक झाली तर रेघेच्या कडेने निळसर सावली उतरते आणि ती पुसता येत नाही. उलट सुई फारच वर राहिली तर रंग वरच्या थरात अडकतो आणि त्वचा महिन्याभरात नवी होताना खपलीबरोबर गळून जातो. कारागिराचे कसब या दोहोंमधल्या केसभर जागेत असते. त्या जागेत पोचलेले रंगकण शरीर परके समजते आणि भक्षक पेशी ते गिळून बसतात. या पेशी मेल्या की त्यांच्यातला रंग शेजारच्या नव्या पेशी उचलतात, असे फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले. गोंदण टिकते ते या हस्तांतरामुळे. आयलाइनर ‘अर्धस्थायी’ म्हणवले जाते, कारण तो रंग तुलनेने वरच्या थरात आणि कमी प्रमाणात भरतात. साधारण एक ते तीन वर्षांत तो फिका पडतो, पण पूर्ण नाहीसा होईलच असे नाही. पूर्वाश्रमीच्या काळ्या रेघेची राखाडी किंवा तांबूस छटा पुढे कित्येक वर्षे राहू शकते. कार्बनचा काळा रंग फिका होताना निळसर-राखाडीकडे झुकतो आणि लोहाच्या ऑक्साइडचा रंग तांबूस होतो. रंगाची बाटली निवडताना आजच्या काळेपणापेक्षा ही उतरती छटा विचारून घ्यावी.

सुईने त्वचेत रंग भरण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. पालघर जिल्ह्यातल्या वारली, कातकरी, ठाकर स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर हिरवट गोंदण आजही वयस्क पिढीत दिसते. काजळी, झाडपाल्याचा रस आणि एकत्र बांधलेल्या सुया एवढ्यावर ते काम चाले. डोळ्याची कड मात्र गोंदणाऱ्यांनी सोडून दिलेली होती. तिथे रोजचे काजळच असे. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले, तुपात खललेले काजळ पाण्याने धुऊन जाते. लागले, खाज आली, की पुसता येते, हीच त्याची मोठी सोय. गोंदलेल्या रेघेत ती सोय उरत नाही. डोळ्याच्या कडेला रंग टोचण्याला वैद्यकीय स्वरूप आले ते १९८४ मध्ये, अमेरिकेतल्या लास वेगासचे नेत्रतज्ज्ञ जिओरा आंग्रेस यांनी प्लॅस्टिक सर्जरीच्या नियतकालिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा. ज्यांचे हात कापतात, ज्यांना मेकअपची ॲलर्जी आहे किंवा ज्यांच्या पापण्यांचे केस गळाले आहेत अशांना तिचा उपयोग होणार होता. पुढे मशीन स्वस्त झाली, प्रशिक्षणाचे वर्ग निघाले आणि नेत्रतज्ज्ञाच्या खोलीतली ही पद्धत पार्लरच्या खुर्चीवर आली. या स्थलांतरात कसब बरेचसे आले, डोळ्याचे ज्ञान मात्र सगळे आले नाही. दक्षिण कोरियात तर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोंदणे हे वैद्यकीय कृत्य ठरवले आणि डॉक्टर नसलेल्यांना ते बेकायदा झाले. तो निर्बंध सैल करणारा कायदा २०२५ मध्ये आला. भारतात असे कोणतेही टोक नाही. त्यामुळे तपासणीचा भार बराचसा करून घेणाऱ्या बाईवरच पडतो.

वसईच्या होळी, पारनाका, अंबाडी रोड या भागांत राहणाऱ्या स्त्रीपुढे पहिला प्रश्न पैशाचा किंवा आकाराचा नसून महिन्याचा असतो. समुद्रकाठची ही पट्टी दमट आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाच कपाळावरून घाम ओघळू लागतो आणि तो थेट पापणीच्या कडेला येतो. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते. २०२३ च्या पावसाळ्यात ती महाराष्ट्रभर पसरली होती आणि शाळा, कचेऱ्या, लोकलचे डबे तिने सोडले नव्हते. ताज्या जखमेच्या पापणीला अशा साथीत रोज विरार लोकलने चर्चगेटपर्यंत नेणे म्हणजे संसर्गाला आमंत्रण. कोळीवाड्यातल्या बायकांच्या बाबतीत तर पेचच आहे. मासळीबंदीचे १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने त्यांना थोडे सवडीचे, पण तोच ऐन पावसाळा. एरवी बर्फ, खारे पाणी आणि मासळीचा हात डोळ्याकडे जाणे यांतून सुटका नसते. सगळा हिशेब केला तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंतचा काळ या भागात सर्वांत चांगला. हवा कोरडी, घाम कमी, आणि डोळ्याची साथ बहुधा ओसरलेली.

लग्नासाठी करायचे असेल तर उलट्या दिशेने मोजावे लागते. पहिल्या बैठकीनंतर रंग खरा दिसायला चार ते सहा आठवडे जातात. सहा ते आठ आठवड्यांनी टच-अप होतो, आणि त्यानंतरही महिनाभर रेघ स्थिरावत असते. म्हणजे लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात असेल तर पहिली बैठक फेब्रुवारीच्या सुरुवातीला हवी. मधल्या काळात येणारे धुळवडीचे रंग कोणत्याही बैठकीनंतरच्या दोन आठवड्यांत येऊ नयेत, हेही पंचांगात बघून ठेवावे. वसईतल्या ख्रिस्ती घरांमध्ये नाताळनंतर उपवासकाळ लागेपर्यंत लग्नांची घाई असते. त्या घरच्या नवरीला पावसाळा सरताच, ऑक्टोबरमध्ये पहिली बैठक घ्यावी लागते. लग्न पंधरा दिवसांवर आले असताना पार्लरमध्ये जाऊन हे काम मागणाऱ्या नवरीला परत पाठवणारी ब्यूटिशियन भरवशाची समजावी. हळदीच्या दिवशी खपल्या धरलेली पापणी घेऊन बसण्यापेक्षा साधे काजळ केव्हाही बरे.

कोणी हे करूच नये, याची यादी लांब आहे, पण तिच्यामागचे तर्क थोडे आहेत. जखम नीट भरून येणार नाही अशी स्थिती हा पहिला. साखर आटोक्यात नसलेला मधुमेह, जखमेच्या जागी गाठीसारखा व्रण वाढण्याची प्रवृत्ती, मुरुमांसाठी चालू असलेली किंवा नुकतीच थांबवलेली आयसोट्रेटिनॉइनची गोळी हे सगळे त्यात येते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत रक्त जास्त झिरपते आणि त्याबरोबर रंग वाहून जातो. मात्र पार्लरच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन किंवा वॉरफरिन बंद करू नये. एका रेघेसाठी हृदयाचे औषध थांबवणे हा मूर्खपणाच. दुसरा तर्क डोळ्याचा. रांजणवाडी, डोळे येणे, पापणीच्या कडेला कोंड्यासारखे पापुद्रे, जुनाट कोरडे डोळे यांपैकी काहीही असेल तर आधी त्यावर उपचार व्हावेत. मोतीबिंदू, लेसर किंवा पापणीची शस्त्रक्रिया झाली असेल तर त्या डॉक्टरने हिरवा कंदील दाखवल्याशिवाय खुर्चीवर बसू नये. पापण्यांचे केस वाढवण्याचे सीरम महिनाभर आधी थांबवावे, कारण त्याने कडेचा रक्तपुरवठा वाढलेला असतो. तेच औषध काचबिंदूसाठी चालू असेल तर मात्र ते डोळ्यांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नये. गर्भारपणात आणि अंगावर पाजत असताना हे काम टाळण्याचा प्रघात आहे. बधिरीचे औषध आणि संसर्गाची शक्यता या दोन्ही गोष्टी पुढे ढकलता येतात, तर का ढकलू नयेत.

ॲलर्जीचा भाग थोडा फसवा आहे. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ. त्या खाजेचे कारण बहुधा निकेल असते, आणि निकेलचा अंश काही रंगांतही सापडतो. केसांच्या डायने किंवा काळ्या मेंदीने कधी फोड आले असतील तर तेही आधी सांगावे. कानामागे रंगाचा ठिपका लावून एक-दोन दिवस वाट बघण्याची पॅच टेस्ट करावीच, पण ती पास झाली म्हणजे ॲलर्जी होणार नाही असे मानू नये. गोंदणाची ॲलर्जी काही महिन्यांनी, कधी वर्षांनी उद्भवते. अमेरिकेत २००४ च्या सुमारास एका कंपनीच्या कायमस्वरूपी मेकअपच्या रंगांमुळे सूज, गाठी, फोड झाल्याच्या दीडशेच्या वर तक्रारी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या होत्या. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या रंगांतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. म्हणून बाटली हातात घेऊन वाचावी. उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि घटक छापलेले नसतील तर तो रंग डोळ्याजवळ येऊ देऊ नये. त्या लेबलचा फोनवर फोटो काढून ठेवावा; पुढे त्रास झालाच तर डॉक्टरला पहिल्यांदा तोच लागतो.

स्वच्छतेची पाहणी करायला डॉक्टर असावे लागत नाही. सुईची पुडी ग्राहकासमोर फोडली गेली पाहिजे. रंग मोठ्या बाटलीतून छोट्या टाकाऊ वाटीत ओतला गेला पाहिजे आणि उरलेला परत बाटलीत जाता कामा नये. वापरलेली सुई कुठे जाते, हे विचारण्यात संकोच नको. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार दवाखान्यांत सुया आरपार टोचल्या न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकतात. पार्लरच्या कचऱ्याच्या बादलीत सुई दिसली तर उठून यावे. हेपटायटिस ‘बी’ची लस झाली नसेल तर ती घेण्याला हे चांगले निमित्त आहे. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, तेव्हा हा विचार आधीच करावा लागतो. नियमित रक्तदान करणाऱ्या स्त्रीने हेही ध्यानात ठेवावे की गोंदणानंतर रक्तपेढी साधारण वर्षभर रक्त घेत नाही, आणि आयलाइनर हे त्या दृष्टीने गोंदणच आहे.

आदल्या दिवसापासूनची तयारी साधी असते. मद्य टाळावे, चहा-कॉफी कमी करावी, झोप पुरी घ्यावी. खोट्या पापण्या लावलेल्या असतील तर त्या काही दिवस आधीच काढाव्यात. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवून चष्मा न्यावा. परतताना स्वतः स्कूटर चालवता येणार नाही. कोणीतरी सोबत असावे, किंवा रिक्षा आणि गॉगल.

रेघ आखण्याचा वेळ हा सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा, आणि घाईच्या पार्लरमध्ये नेमका तोच वाचवला जातो. आखणी बसलेल्या स्थितीत, डोळे उघडे ठेवून व्हावी. आडवे झाल्यावर आणि डोळा मिटल्यावर पापणीची घडी मोडते, रेघ सुबक दिसते, आणि उठून आरशात बघताच ती घडीत गडप होते किंवा दोन डोळ्यांत वेगळी भासते. पहिल्या वेळी रेघ बारीकच ठेवावी. केसांच्या मुळांमधल्या फटी तेवढ्या भरल्या तरी डोळा ठसठशीत दिसतो, आणि रेघ पुढे जाड करता येते, बारीक करता येत नाही. बाहेरच्या कोपऱ्याला काढलेली लांब शेपटी टाळावी हे उत्तम. तिथली त्वचा सैल असते, रंग तिथे पसरतो, आणि वय वाढले की शेपटी खाली लोंबते. आज जी फॅशन आहे ती दहा वर्षांनी असेलच, असे कोणाला सांगता येत नाही.

पापणीची आतली ओली कड मात्र कोणत्याही कारणाने गोंदून घेऊ नये. तिथे तेलग्रंथींची तोंडे असतात. वरच्या पापणीत अशा पंचवीस ते चाळीस ग्रंथी, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. त्यांतून झिरपणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते आणि डोळा कोरडा पडू देत नाही. कोरियातल्या नेत्रतज्ज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पापणी गोंदलेल्यांमध्ये या ग्रंथींची हानी आणि अश्रूंच्या थराची अस्थिरता आढळली. या ग्रंथी एकदा नष्ट झाल्या की परत उगवत नाहीत. काजळ आत घालायची सवय असलेल्या बायका नेमकी हीच कड मागतात. इथे ब्यूटिशियनने नाही म्हणायला हवे.

बधिरीच्या क्रीमबद्दल एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. लिग्नोकेन आणि प्रायलोकेन यांचे बाजारात सहज मिळणारे मिश्रण अल्कधर्मी असते आणि ते डोळ्यात उतरले तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा रासायनिकरीत्या भाजतो. बधिर झालेल्या डोळ्याला ते लगेच कळतही नाही. म्हणून क्रीम पातळ, कडेपासून जपून लावावी, वेळ झाली की पुसून घ्यावी, आणि डोळ्यात जळजळ होताच निर्जंतुक सलाइनने भरपूर धुवावे. पूर्ण काम दीड ते दोन तासांचे असते. त्यात शिंक, खोकला, अंग हलवणे आधी सांगून करावे, कारण सुई चालू असते.

खुर्चीवरून उठल्यावर रेघ भडक काळी आणि जाड दिसते, डोळे पाणावतात, पापण्या जड होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज सर्वांत जास्त असते, कारण रात्रभर आडवे राहिल्याने पाणी पापण्यांत साचते. पहिल्या दोन रात्री उशी उंच घ्यावी. स्वच्छ कापडात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर टेकवून उचलावा. बर्फ थेट त्वचेला लावू नये. ‘उद्या ऑफिसला जाता येईल’ असे आश्वासन दिले जाते. ते पूर्ण खोटे नसले तरी वसईहून रोजचा लोकलचा प्रवास करणाऱ्या स्त्रीने तीन-चार दिवस रजा काढावी. दारातल्या वाऱ्याने उडणारी धूळ, गर्दीत चेहऱ्याला लागणारे कोपर आणि डब्यातला घाम या तिन्हींपासून तेवढी तरी सुटका होते.

पहिले सात ते दहा दिवस पापणीच्या कडेला पाणी कमीत कमी लागावे. चेहरा ओल्या कापडाने पुसावा. कड साफ करायची तर निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने, घासून नव्हे, टिपून. वसई-विरारच्या बऱ्याच घरांत टँकरचे, विहिरीचे किंवा गच्चीवरच्या टाकीत साठलेले पाणी वापरात असते. अशा पाण्यात जिवाणूंबरोबर बुबुळाला जखम करणारा अकॅन्थअमीबाही असू शकतो, आणि लेन्स वापरणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. लेन्स म्हणूनच सूज पूर्ण उतरेपर्यंत घालू नये. तरण तलाव आणि भुईगाव, राजोडी, अर्नाळ्याचा समुद्र दोन आठवडे तरी वर्ज्य. व्यायामाचा घाम, सर्दीसाठी घेतलेला वाफारा, गरम तव्यासमोरचा तासभराचा स्वयंपाक, हेही पहिल्या आठवड्यात जितके टळेल तितके टाळावे. स्वयंपाक कोण टाळू देणार, हा प्रश्न घराघरावर अवलंबून आहे; निदान फोडणी देताना चष्मा लावता येतो.

मलम फक्त सांगितलेले, डोळ्याजवळ चालणारे, आणि तेही तांदळाच्या दाण्याएवढेच. जाड थर लावल्याने खपली मऊ होऊन वेळेआधी सुटते आणि रंग घेऊन जाते. इथे घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला हटकून आडवा येतो. खोबरेल, एरंडेल, साजूक तूप, गुलाबपाणी, हळद, अगदी तान्ह्या बाळाच्या आईचे दूध, हे सगळे मायेने सुचवले जाते. यांतले एकही निर्जंतुक नसते, आणि उघड्या जखमेवर, डोळ्यापाशी, त्यातले काहीही जाऊ नये. काजळ आणि मस्कारा दहा दिवस बंद. पुन्हा सुरू करताना नवा मस्कारा उघडावा, जुन्या कांडीतले जंतू नव्या त्वचेवर नकोत.

चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान खाज सुटते आणि बारीक खपल्या निघू लागतात. त्या नखाने काढल्या की तिथे पांढरी फट राहते. खपल्या गेल्यावर रेघ इतकी फिकी दिसते की काम वाया गेले असे वाटते, आणि पुष्कळ बायका या टप्प्यावर पार्लरला फोन करून भांडतात. त्वचेचा नवा थर रंगावर धुक्यासारखा आलेला असतो. तो स्वच्छ झाला की रंग पुन्हा वर येतो. टच-अपचा निर्णय त्याआधी घेऊ नये, आणि चांगली कारागीर तो घेतही नाही.

सूज दिवसागणिक उतरते, दुखणे कमी होत जाते, ही भरून येण्याची दिशा. ती उलटली, म्हणजे तिसऱ्या दिवसानंतर ठणका वाढला, पू किंवा पिवळा चिकट स्राव येऊ लागला, उजेड सहन होईना, धूसर दिसू लागले, ताप आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. पार्लरकडून व्हॉट्सॲपवर आलेले ‘हे नॉर्मल आहे’ हे उत्तर अशा वेळी ग्राह्य धरू नये. घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंबही स्वतःहून घालू नयेत. विषाणूचा संसर्ग असेल तर ते आगीत तेल ओततात.

रेघ बसल्यावरही तिची नोंद शरीराच्या इतिहासात ठेवावी लागते. लोहयुक्त रंगामुळे एमआरआयच्या वेळी त्या जागी क्वचित चटका किंवा सूज जाणवते. त्यासाठी तपासणी टाळायची गरज नाही, पण तंत्रज्ञाला आधी सांगावे. चेहऱ्यावरचे केस काढण्याचे किंवा डाग घालवण्याचे लेसर करताना ही कड झाकून घ्यावी. उन्हाने रंग लवकर उतरतो, तेव्हा गॉगलची सवय उपयोगी. सनस्क्रीन मात्र कडेपर्यंत नेऊ नये.

नकोशी झालेली रेघ घालवणे हे ती गोंदून घेण्यापेक्षा कितीतरी अवघड. लोह किंवा टायटेनियमचे ऑक्साइड असलेला रंग लेसरखाली फिका होण्याऐवजी एकदम गडद काळा पडू शकतो. पापणीवर लेसर चालवायचा तर बुबुळावर धातूची ढाल बसवावी लागते, आणि ते काम त्वचारोगतज्ज्ञ किंवा नेत्रशल्यविशारदाचेच आहे. एका बैठकीत ते होत नाही, दोन बैठकींमध्ये आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते, आणि त्या जागेचे पापणीचे केस काही काळ किंवा कायमचे जाण्याची शक्यता धरून चालावे लागते.